दोन तीरांवरची नोट

कागदी नोटा हा संग्राहकांचा छंद. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असे आम्हांला विचारले जाते. उत्तर साधे आहे. नोट हीसुद्धा एक संहिता आहे. तिच्यावर कोणत्या भाषा आहेत आणि त्या तेथे कशासाठी आहेत, हे वाचता आले पाहिजे.

आम्ही बेलापूरची माणसे. आमची प्रवरा पुढे नेवाशावरून जाऊन प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. १९४८ पर्यंत गोदावरीच्या पैलतीरी निजामाचे राज्य होते. अलीकडे इंग्रजांचा ‘कलदार’, पलीकडे ‘हाली शिक्का’. सुमारे सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. बोली तीच, सोयरिकीही दोन्हीकडे. पण नदी ओलांडली की रुपयाचे मोल बदलत असे.

कागदी चलन बहुधा धातूच्या अडचणीतून जन्मते. अकराव्या शतकात चीनच्या सेचुआन प्रांतात जड लोखंडी नाण्यांना कंटाळलेल्या व्यापारातून ते रूढ झाले. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९१७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात एक रुपयाची नोट निघाली. पाठोपाठ १९१८ मध्ये हैदराबाद संस्थानाने चलनाचा कायदा करून दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीही होती.

येथे थोडे थांबले पाहिजे. त्याच १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजीऐवजी एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ती भाषा होती उर्दू. म्हणजे मराठवाड्यातील शेतकऱ्याची भाषा राज्याला नोटेवर हवी होती, विद्यापीठाच्या वर्गात नको होती. त्याने कागदावर विश्वास ठेवावा म्हणून मराठी. त्याने ज्ञान मिळवावे म्हणून मात्र नव्हे.

आणखी एक योग पाहा. नाशिकला सरकारी छापखाना उभा राहिला आणि १९२८ पासून तेथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. तोवर त्या विलायतेहून येत. पुढे निजामाच्या नोटाही नाशिकलाच छापल्या गेल्या. गोदावरीच्या वरच्या अंगाला छापलेली दोन राज्यांची दोन चलने खाली आमच्या संगमाशी समोरासमोर येत होती.

आजच्या नोटेच्या पाठीवर पंधरा भाषांची पट्टी आहे. त्यात मल्याळम आणि नेपाळी यांच्यामध्ये मराठीची एक ओळ आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांलाही झाला. तरीही हैदराबादची ती नोट विसरता येत नाही. राज्याने भाषेला दिलेली जागा आणि भाषेला दिलेला अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीच्या वर्गात शिकवताना आणि शिकताना आपण यांतील कोणती गोष्ट मागतो आहोत, हे आपणच ठरवायचे आहे.