डिझेल, अक्रॉइड आणि गव्हाणीजवळची थट्टा

ऊसपट्ट्यातील महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना गळीत हंगाम कानांनी कळतो. सायंकाळच्या व्याख्यानात ट्रॅक्टरांची घरघर मिसळू लागली, की समजावे कारखान्याचे धुराडे पेटले. एका हिवाळ्यात वजनकाट्यापुढच्या रांगेत, दोन-दोन ट्रॉल्या जोडून थांबलेल्या चालकांच्या शेकोटीशी बसण्याचा योग आला. विषय एकच : कुणाचे इंजिन खरे. "ह्याच्या धुरावर गावाचं गुऱ्हाळ चालंल, मर्दा," एक जण म्हणाला. "आन् तुझ्या ॲव्हरेजपायी तुझं रान विकायला लागंल," दुसऱ्याने तात्काळ परतफेड केली. तासभर हे चालले. कुणी हरले नाही, कुणी रुसले नाही.

ही थट्टा गावंढळ वाटण्याचा संभव आहे. पण तिचा वंश शोधू गेल्यास आपण थेट युरोपातील प्राध्यापकांपर्यंत पोचतो, आणि ती मंडळी मात्र रुसत असत.

रूडोल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसचा. हवा पुरेशी दाबली की ती इतकी तापते की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटते, या तत्त्वावर त्यांनी १८९२ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. ऑग्सबुर्ग येथे १८९३ च्या ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली. तीत स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण उडाले. पण हवा दाबून इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले. १८९७ च्या चाचणीत या यंत्राने इंधनातील उष्णतेपैकी सव्वीस टक्क्यांहून किंचित अधिक उष्णता कामास लावली. तत्कालीन वाफेच्या यंत्रांच्या मानाने ही झेप फार मोठी होती.

इकडे इंग्लंडमध्ये हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्येच तेलाच्या इंजिनाचे एकस्व घेतले होते. त्यांच्या यंत्रात आधी दिव्याने तापविलेल्या लोखंडी कक्षाच्या धगीने तेल पेटे. दाब कमी होता. मात्र त्यांनी तेल थेट पंपाने सोडले, तर डिझेल यांना त्यासाठी दाबलेल्या हवेचा वेगळा सरंजाम लागे. पुढे १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून इंधनपंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, तेव्हा हवेचा तो सरंजाम मागे पडत गेला. म्हणजे आजच्या ट्रकमधील इंजिनात दाब डिझेल यांचा आणि तेल सोडण्याची रीत अक्रॉइड यांच्या वळणाची. नाव एकाचेच राहिले. इंजिनवेड्या मंडळींत हा वाद अजून संपलेला नाही.

१९१३ मध्ये डिझेल यांनी आपल्या इंजिनाच्या जन्मकथेचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी आखेनचे प्राध्यापक योहानेस ल्यूडर्स यांनी 'डिझेल-मिथक' अशा अर्थाचे शीर्षक असलेला ग्रंथ लिहून त्यांचे श्रेय खोडून काढण्याचा प्रयत्न केला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून डिझेल नाहीसे झाले. ते कर्जबाजारी होते. मृत्यूचे नेमके कारण वादग्रस्तच राहिले. पुढे त्यांचे नाव आधी यंत्राचे, मग तेलाचे झाले. पंपावर 'पाचशेचं डिझेल टाक' म्हणताना आपण एका माणसाचे नाव घेतो आहोत, याची जाणीव आपल्यापैकी कितींना असते? विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, हे शिकविताना आम्हीही हे उदाहरण क्वचितच दिले.

मराठी साहित्याच्या इतिहासात तर लोखंड आणि शाई यांचे नाते फारच जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये तेथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्र वाढत वाढत मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. आम्ही त्या मासिकावर प्रश्नपत्रिका काढतो. नांगर मात्र प्रस्तावनेतल्या एका वाक्यात आटोपतो. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, ही नोंद तर वाङ्मयेतिहासात यायचे कारणच नव्हते. वास्तविक अशा डिझेल इंजिनांनीच विहिरीवरची मोट थांबविली, आणि मोटेबरोबर मोटेवरची गाणी थांबली. त्या गाण्यांसाठी आपण हळहळलो. बैल सुटले याचा आनंद कुणाला झाला असेल, हे विचारायचे राहून गेले.

ट्रकांची कथा थोडक्यात सांगता येते. टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ चा. तो १९६९ मध्ये संपला आणि बॉनेटवरचा तारा गेला. 'अशोक लेलँड'मधला अशोक सम्राट नव्हे. संस्थापक रघुनंदन सरन यांच्या मुलाचे ते नाव. या दोन घराण्यांच्या भक्तांत ढाब्यावर जे रंगते, ते शाहिरांच्या सवाल-जवाबाहून फार निराळे आहे असे आम्हांस वाटत नाही.

हे लिहिण्याचे खरे कारण निराळे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने, जो स्वतः ट्रॅक्टरचालकाचा मुलगा होता, एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी हीच थट्टा गोळा केली होती. क्लीनरचा 'किन्नर' कसा होतो, कमानपाट्यांवरून माणसाच्या पाठीची टिंगल कशी होते, कोणत्या ट्रॅक्टरला कोणत्या गावात काय नाव पडले. बहिःस्थ परीक्षकांनी समासात लाल शाईने विचारले : याचा लोकसाहित्याशी संबंध काय? तोंडी परीक्षेच्या वेळी आम्ही मार्गदर्शक म्हणून समोरच बसलो होतो. उत्तर आम्हांला येत होते. आम्ही गप्प राहिलो, आणि मुलाने विषय बदलून जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहिला. तो उत्तीर्ण झाला. पुढे शिकला नाही.

त्याची वही आमच्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर 'हवा काढणे' या प्रयोगाची नोंद आहे. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, मग नुसते तेल भरून इंजिन उठत नाही; स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे संपेपर्यंत हवा बाहेर काढावी लागते. त्यापुढे त्याने बापाचे वाक्य टिपले आहे : "मोठ्या माणसाची हवा काढाय येत न्हाई, तवा इंजिनाची काढायची."

खाली उदाहरणासाठी दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.