पाण्यात उतरणारा रस्ता

विंध्याचा घाट उतरून धार जिल्ह्यातल्या कुक्षीत आलं की पुढे नर्मदेपर्यंत चढ म्हणावा असा लागतच नाही. काळी सपाट रानं, कापूस, मिरची, गहू आणि त्यांतून सरळ जाणारा डांबरी रस्ता. सायकलस्वाराला आणखी काय हवं? याच पट्ट्यात आता सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी पसरतं. इथल्या मेघनाद घाटावरून केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत क्रूझ नेण्याची योजना पर्यटन खात्याने जाहीर केलेलीच आहे. तेव्हा पाण्याकाठी सायकलमार्ग आखावा, पक्ष्यांसाठी अभयारण्य करावं, असं उद्या कुणाला सुचलं तर नवल नाही. सुचण्यात गैरही काही नाही. पण कुक्षीजवळच्या या पाण्याला पाणथळ म्हणणं जलशास्त्रालाही धरून नाही आणि इतिहासालाही, असं माझं मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आपल्याकडची नावाजलेली पाणथळं तरी कुठे निसर्गाने केली? आक्षेप खरा आहे. भरतपूरचं केवलादेव हे तिथल्या राजांनी बांध घालून, पाणी वळवून शिकारीसाठी केलेलं तळं. आज पर्यटक सायकलने किंवा रिक्षाने फिरतात तो रस्ता पाण्याच्या मधून जातो, कारण तो भर घालून उंच केलेला आहे. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर हे होळकरांच्या काळचे तलाव, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेले. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणजे निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर. तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीचे कालवे काढण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागे साचलेलं पाणी. त्यात गाळ बसला, गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणगवत वाढलं आणि त्यामागून पक्षी आले. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं, 2020 मध्ये रामसरची मोहर उमटली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात गाळ म्हणजे नुकसान. बदकांच्या हिशेबात तीच मिळकत.

मग हेच कुक्षीला का होऊ नये? कारण पाणथळ नुसत्या पाण्याने होत नाही. पाणी उथळ लागतं, त्याचा चढउतार बेताचा लागतो आणि काठ वर्षानुवर्षं साधारण एकाच जागी राहावा लागतो. नांदूरचं पाणीही सिंचनाच्या आवर्तनाबरोबर कमी-जास्त होतं, पण तो बंधाऱ्याच्या उंचीपुरता मामला आहे. सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी 138.68 मीटर, तर पाणी खाली नेण्याची किमान पातळी 110.64 मीटर. म्हणजे आराखड्यानेच 28 मीटरची मोकळीक दिलेली आहे. दर वर्षी पाणी इतकं उतरत नाही हे खरं. पण सपाट जमिनीवर पातळी दोन-चार मीटरनी हलली तरी काठ बराच लांब सरकतो. कुक्षीसमोर, नर्मदेच्या पलीकडे बडवानीच्या बाजूला असलेल्या राजघाटावर धोक्याची खूण 123.28 मीटरवर आहे. धरण पूर्ण भरतं तेव्हा पाणी त्या खुणेच्याही पंधरा मीटर वर उभं असतं. पावसाळ्यानंतर बुडालेला आणि उन्हाळ्यात भेगाळलेला अशा काठावर पाणवनस्पतींनी मूळ धरायचं तरी कधी? थव्याने पक्षी उतरतील, फोटोही चांगले येतील. पण उतरणं वेगळं आणि घरटं करणं वेगळं.

इतिहासाचं म्हणाल तर इथला सपाट रस्ता पाणी बघायला कुणी केलेला नाही. संस्थानी काळात कुक्षी हा धारच्या पवारांचा परगणा. कुक्षीहून दक्षिणेला निघालेली वाट निसरपूर, चिखलदा अशी नावेच्या घाटाला लागत होती आणि पलीकडे राजघाट, बडवानी. बाजारहाट, धान्य, सोयरीक सगळं या वाटेने चालत होतं. जून 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद करण्याचा आदेश निघाला. पुढच्या महिन्यात नर्मदा बचाव आंदोलनाच्या मेधा पाटकर चिखलद्याला उपोषणाला बसल्या. सप्टेंबर 2019 मध्ये सरोवर प्रथमच काठोकाठ भरलं. तेव्हाच्या छायाचित्रांत निसरपूर-चिखलद्याच्या गल्ल्यांतून पाणी उभं आहे, विजेचे खांब अर्धे बुडालेले आहेत आणि डांबरी रस्ता कडेच्या दगडांसकट सरळ पाण्यात उतरलेला आहे. भरतपूरचा रस्ता पाण्यातून वर काढलेला आहे; हा रस्ता पाण्याखाली गेलेला आहे. इथला सायकलमार्ग दोन्हींतला हा फरक झाकून आखता येणार नाही.

सायकलीचाही या काठाशी जुना संबंध आहे, तोही मराठी. 1985 च्या डिसेंबरात बाबा आमट्यांचं ‘भारत जोडो’ अभियान कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालं. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते; पाठीच्या दुखण्यामुळे बसता न येणारे बाबा गाडीत पडून सोबत होते. 1988 मध्ये दुसरी फेरी झाली, इटानगर ते ओखा. लांब पल्ल्याच्या मराठी सायकलिंगच्या गप्पांत शर्यतींची नावं निघतात, हे अभियान फारसं निघत नाही, याला विसराळूपणाच म्हणावं लागेल. 1990 मध्ये हेच बाबा धरणाविरोधी आंदोलनासाठी आनंदवन सोडून बडवानीजवळच्या कसरावदला, नर्मदेच्या काठावर राहायला आले आणि वर्षानुवर्षं तिथे राहिले.

कुणी म्हणेल, धरणाचा वाद संपला. गुजरातेत पाणी पोहोचलं, विजेतला 57 टक्के वाटा मध्य प्रदेशाला मिळतो, आता मिळालेल्या पाण्याचं सोनं करा. लाभ मी नाकारत नाही. पण काठावर आजही माणसं आहेत. पाणी ओसरलं की धरणांच्या काठी शेतकरी गाळपेर करतात, मासेमार जाळी टाकतात, गुरं चरतात. अभयारण्य म्हणून रेघ ओढली की पहिला घाला त्यावरच पडतो. केवलादेवमध्ये 1982 साली गुरचराई बंद केली, गोळीबार झाला, गावकरी मेले; आणि म्हशी गेल्यावर गवत माजून पाणपक्ष्यांचीच अडचण झाली, असं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. एवढं महागात पडलेलं शहाणपण कुक्षीला फुकट मिळतं आहे, तर ते घ्यावं.

म्हणून सायकलमार्ग आखायचाच असेल तर आधी गाळपेर आणि मासेमारीचे हक्क कागदावर यावेत, आणि मगच पक्ष्यांचे फलक लागावेत. पहिला फलक निसरपूर आणि चिखलदा या नावांचा असावा, 138.68 हा आकडा घालून.