द्वाड मुलांच्या हाती रंग

'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने दिले. क्षयामुळे सॅनेटोरियममध्ये पडून असताना तो चित्रे काढत राहिला आणि इतर रोग्यांनाही त्याने तो नाद लावला. पण द्वाड, भांडकुदळ, शाळेने हात टेकलेल्या मुलांसाठी ही पद्धत घडवली ती न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांनी, आणि दोघींची मते जुळत नव्हती.

पहिली मार्गारेट नॉमबर्ग. १९४१पासून ती तिथल्या सरकारी मनोरुग्णसंस्थेत अशा मुलांकडून चित्रे काढून घेई. आधी मनसोक्त गिरगटायचे, मग त्या रेघांत काय दिसते ते शोधून रंगवायचे, ही तिच्या बहिणीची, फ्लॉरेन्स केनची युक्ती. त्यातून मूल बोलते होई. नॉमबर्ग फ्रॉइडच्या वाटेने जाणारी. चित्र हे तिला मनात दडलेले बाहेर आणण्याचे साधन वाटे. १९४७ साली तिने या मुलांच्या चित्रांवर पुस्तकच काढले.

दुसरी ईडिथ क्रेमर, व्हिएन्नाची. तरुणपणी प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवायला ती आपल्या गुरूच्या, फ्रीडल डिकर-ब्रँडाइसच्या हाताखाली होती. १९३८ मध्ये क्रेमर अमेरिकेला निसटली. गुरू मागे राहिली, तेरेझिनच्या नाझी छावणीत बंदिस्त मुलांना शिकवत राहिली आणि १९४४ मध्ये ऑशविट्झमध्ये मारली गेली. तिच्याकडून घेतलेले शिक्षण क्रेमरने १९५०पासून विल्टविक या मुलग्यांच्या निवासी शाळेत वापरले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली, बिनसलेली मुले तिथे येत.

मला क्रेमर अधिक पटते. रंग फासले, माती आपटली की राग निघून जातो, हे तिला मान्य नव्हते. नुसती आदळआपट म्हणजे कला नव्हे, आणि तेवढ्याने मूल सावरतही नाही. मातीचा राक्षस उभा राहायचा तर त्याचे पाय भक्कम हवेत. त्या खटपटीत मुलाचा राग कामाला लागतो. म्हणून शिक्षिकेला स्वतःला चित्रकला यायला हवी, असा तिचा आग्रह. अडले तिथे तिने हात द्यायचा, पण चित्र मुलाचेच राहील इतकाच.

चित्रावरून मन ओळखण्याचे 'काळा सूर्य म्हणजे दुःखी मूल' असले ठोकताळे मात्र हल्ली घरोघरी चालतात. तुमच्या मुलाने काळा सूर्य काढला तर अर्थ विचारत फिरू नका. ते सांगेल ते ऐका, आणि काळा रंग संपला असेल तर नवा आणून द्या.