माळावरचा हवाई तळ

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांना तळ पडण्याचे नवल कधीच वाटले नाही. इंदापूर हा भोसल्यांच्या जुन्या जहागिरीचा मुलूख. मालोजीराजांची गढी तेथे आजही दाखविली जाते. त्या काळी घोडदळाचे तळ येथे पडत व उठत. दरवर्षी आषाढी एकादशीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते, आणि वाटेतील प्रत्येक मुक्कामी एका रात्रीपुरते कापडी नगर उभे राहते. पाऊसपाणी आटोपल्यावर धनगर आपले वाडे घेऊन माळावर उतरतात. शेतकरी त्यांस बोलावून आपल्या रानात मेंढ्या बसवितात, खत मिळते म्हणून. घोडा, दिंडी आणि मेंढरू या तिघांचे तळ या भूमीने पाहिले. चौथा एक तळ मात्र तिने अद्याप पाहिलेला नाही. शनिवारी सकाळी तीन-चार मित्रांनी लहानशा विमानातून यावयाचे, पंखाच्या सावलीत राहुटी ठोकावयाची, चुलीवर काही शिजवून खावयाचे, आणि रविवारी ऊन कलण्यापूर्वी उडून परत जावयाचे, असा हा तळ. तो येथे का पडला नाही, याचा इतिहास मोठा विचार करण्याजोगा आहे. कारण ज्यांच्यावाचून असा तळ पडत नाही त्या बहुतेक गोष्टी या दोन तालुक्यांच्या अगदी जवळून गेल्या आहेत.

ही सहल परदेशात जन्मास आली ती एका स्वस्त यंत्रामुळे. पहिल्या महायुद्धानंतर विमाने होती ती युद्धातली, अवजड व खर्चिक. १९२५ साली इंग्लंडात डी हॅविलंड यांचे ‘मॉथ’ नावाचे दोन माणसांचे विमान निघाले. त्याचे पंख घडी करून मागे वळविता येत, त्यामुळे ते मोटारीच्या मागे जोडून ओढून नेता येई आणि साध्या छपराखाली ठेविता येई. त्याच सुमारास तेथील सरकारने फ्लाइंग क्लबांना मदत देण्यास आरंभ केला. परिणाम असा झाला की, डॉक्टर, वकील, दुकानदार अशी सामान्य सुखवस्तू माणसे सुटीच्या दिवशी उडू लागली. अमेरिकेत ही हौस पुढे फारच फोफावली. तेथे १९५३ साली स्थापन झालेल्या हौशी विमानकारांच्या संघाचा मेळा १९७० पासून ऑशकॉश या गावी भरत आला आहे. तेथे हजारो लहान विमाने गवतावर रांगेने उभी राहतात, आणि प्रत्येकाच्या पंखाखाली एकेक तंबू असतो. आयडाहोच्या डोंगरांतून तर नदीकाठी नुसत्या गवताच्या धावपट्ट्या राखलेल्या आहेत व तेथे लोक उतरून मासे धरीत बसतात.

अशा सहलीचे गणित श्रोत्यांनी थोडे ध्यानात घ्यावे, कारण ते ऐकावयास सोपे आणि पाळावयास कठोर आहे. चार आसनांचे सेस्ना १७२ हे जगातील अत्यंत प्रचलित लहान विमान. त्याच्या एका नमुन्यात विमानाचे स्वतःचे वजन वगळता सुमारे पावणेचारशे ते चारशे किलो भार घेता येतो. टाक्या पूर्ण भरल्या तर सुमारे दोनशे लिटर पेट्रोल बसते, त्याचेच वजन दीडशे किलोच्या आसपास. उरले अडीचशे. पंचाहत्तर किलोंचे तीन मित्र बसले की हाती राहिले पंचवीस किलो. त्यात तंबू, अंथरूण, पाणी, भांडी व रॉकेलचा स्टोव्ह न्यावयाचा तो न्यावा. चौथा मित्र यावयाचा असेल तर तेल कमी भरावे लागते, आणि तेल कमी भरले की पल्ला कमी होतो. मोटारीत एखादा पाहुणा दाटीवाटीने बसविता येतो. येथे ते चालत नाही. म्हणून या सहलीचा पहिला शिष्टाचार असा की प्रत्येकाने आपले वजन खरे सांगावे! त्यातही बारामतीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. वैशाखाच्या दुपारी तेथील तापलेली हवा विरळ होते, पंखांस पुरेसा आधार मिळत नाही आणि धावपट्टी एरवीपेक्षा लांब लागते. पावसाळ्यात मुंबईकडून यावयाचे तर सह्याद्रीवर ढगांची भिंत उभी असते. म्हणजे खरा हंगाम मार्गशीर्ष ते माघ. योगायोग असा की हाच भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी येण्याचा, आणि शेताशेतांतून हुरडा भाजण्याचा हंगाम आहे. जुहूच्या विमानतळापासून बारामतीपर्यंतचे सरळ हवाई अंतर दोनशे किलोमीटरांहून थोडेसेच अधिक. लहान विमानास साधारण एक तास पुरतो.

आपल्या देशात विमान आले ते मात्र निराळ्या वेषाने. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबाद येथे हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीस नेली. जगातील पहिली सरकारी हवाई टपाल म्हणून ती नोंदली गेली. म्हणजे प्रथम प्रदर्शन, आणि लगोलग टपाल. १९२८ साली दिल्ली, मुंबई इत्यादी ठिकाणी फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईच्या क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनीच कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणली, तीही ‘पस मॉथ’ नावाच्या लहान विमानातून. टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट त्याआधी विमाने घेऊन हिंदुस्थानभर हिंडत व लोकांस पैसे घेऊन आकाशाची सैर घडवीत. त्या सैरींत विमान जेथून उडे तेथेच उतरे; कोणास कोठे मुक्कामास जावयाचे नसे. संस्थानिकांनी हौसेने मैदाने बांधिली. कोल्हापूरचे मैदान १९३९ सालचे. परंतु संस्थानिकांचा पाहुणा राजवाड्यात उतरतो, राहुटीत नाही. मध्यमवर्गीय मित्रांची हवाई सहल निर्माण व्हावयास येथेच विमान तयार व्हावयास पाहिजे होते. आणि तो प्रयत्न केला तो ज्या गृहस्थाने इंदापूर तालुक्यात एक नगर वसविले त्यानेच.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरास झाला. बांधकामाचे ठेके, सिंदिया कंपनीची जहाजे असे उद्योग करीत ते १९३० नंतरच्या काही वर्षांत नीरेच्या काठी कळंबच्या माळावर आले. नीरा डाव्या कालव्याने या भागात ऊस होऊ लागला होता. तेथे त्यांनी मोठी शेती व साखर कारखाना उभारला आणि त्या वस्तीस वालचंदनगर हे नाव पडले. मोटारींचा कारखाना काढावा म्हणून १९३९ साली ते अमेरिकेस गेले होते. परत येताना पॅसिफिक महासागर त्यांनी पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘क्लिपर’ विमानातून ओलांडला. हे विमान पाण्यावर उतरणारे. बेटाबेटावर मुक्काम करीत जाणारे. त्या दीर्घ प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत असत. सहप्रवाशांच्या गप्पांतून मोठी कामे निघाल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत, त्यांत हे एक गणावे लागेल. चीनमध्ये जे होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न वालचंदांनी मनात धरला व तडीस नेला. म्हैसूर संस्थानाने जागा व भांडवल दिले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी नोंदविली गेली.

त्या कारखान्यातून १९४१ च्या ऑगस्टमध्ये जे पहिले विमान उडाले ते लढाऊ नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ते ‘हार्लो’ जातीचे, एकामागे एक दोन माणसे बसतील असे शिक्षणाचे विमान होते. अमेरिकेत या घराण्याची विमाने खाजगी मालकांसाठीच प्रथम घडविली गेली होती. म्हणजे आरंभ लहान विमानानेच झाला होता. परंतु जपान युद्धात उतरले, ब्रह्मदेश गेला, आणि एप्रिल १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. पुढील वर्षी तो अमेरिकन सैन्याच्या हवाईदलाकडे गेला आणि तेथे नवी विमाने घडविण्याऐवजी युद्धातील विमानांची दुरुस्ती होऊ लागली. युद्धाच्या घाईत सरकारला दुसरे काही सुचले नाही, हे समजण्यासारखे आहे. तथापि ज्याने जोखीम पत्करली त्याच्या हातून दीड वर्षातच काम गेले, आणि देशातील विमानविद्येची नाळ तेव्हापासून संरक्षण खात्याशी जी जुळली ती जुळलीच. वालचंद १९५३ साली वारले. त्यांच्या वालचंदनगरच्या कारखान्यांतून पुढे अवकाश संशोधनाच्या अग्निबाणांची आवरणे घडविली गेली. विमान मात्र इंदापूर तालुक्यात कधी घडले नाही.

स्वातंत्र्यानंतर एक संधी पुन्हा आली. बंगलोरच्या कारखान्यात त्या वेळी डॉक्टर विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे शास्त्रज्ञ आराखड्यांचे प्रमुख होते. जर्मनीत गटिंगेन येथे प्राध्यापक प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांनी आखलेले ‘एच. टी. २’ हे शिक्षणाचे विमान १९५१ साली उडाले. १९५८ मध्ये ‘पुष्पक’ आले. शेजारी शेजारी दोन माणसे बसतील असे, वर पंख असलेले, लाकूड-कापड-नळ्यांचे, नव्वद अश्वशक्तीचे हे विमान दीडशेहून अधिक संख्येने बनले व देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटले गेले. एक पिढी त्यावर उडावयास शिकली. ‘मॉथ’ने इंग्लंडात जे केले ते ‘पुष्पक’ने येथे का केले नाही? विमान चांगले होते. पण ते क्लबाच्या मालकीचे होते, उड्डाणाचे तास सरकारी मदतीने मोजून दिले जात, आणि शिकणाऱ्याची नजर पुढील नोकरीच्या परवान्यावर असे. घरच्या बैलगाडीसारखे ते कोणाच्या अंगणात आलेच नाही.

बारामतीस धावपट्टी झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, औद्योगिक वसाहतीच्या अंगाने. तिच्या आधाराने वैमानिक घडविणाऱ्या संस्था आल्या, आणि मोरोपंतांच्या गावावरून दिवसभर लहान विमाने घिरट्या घालू लागली. शिकाऊ मुलामुलींना वैमानिकाच्या परवान्यासाठी एकट्याने दूरवर उडून यावे लागते. त्या उड्डाणांत त्यांना खाली कऱ्हा, नीरा व भीमा दिसतात, नीरा-नरसिंहपूरचा संगम दिसतो, उजनीचे १९८० च्या सुमारास भरू लागलेले अफाट पाणी दिसते. उन्हाळ्यात ते पाणी उतरले की पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचे शिखर वर येते, तेही दिसते. उतरावयाचे मात्र धावपट्टीवरच.

धावपट्टी सोडून उतरण्याचा प्रसंग आला तो अपघाताने. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटी उडालेली बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात दोन आसनांच्या सेस्ना १५२ सह कोसळली. विमान मोडले, मुलगी किरकोळ दुखापतीवर वाचली व गावकरी मदतीस धावले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चार दिवसांच्या आत बारामतीजवळ शिक्षणाची दोन विमाने पडली, आणि नागरी विमानवाहतूक खात्याने त्या संस्थेचे शिक्षण काही काळ थांबविले. अशा वार्ता ऐकल्यावर माळावर हौसेने उतरण्याची गोष्ट कोणी काढली तर घरचे लोक काय म्हणतील हे सांगावयास नको.

भीतीखेरीज दुसऱ्याही अडचणी आहेत. खाजगी विमानास सामान्यतः उड्डाणापूर्वी हवाई संरक्षणाचा अनुमतीक्रमांक मिळवावा लागतो; आपली सीमा व आपला इतिहास पाहता हे अनाठायी म्हणता येत नाही, परंतु शनिवारी सकाळी सहज मनात आले म्हणून निघण्याची सोय त्यात राहत नाही. लहान विमानांस लागणारे पेट्रोल जेट विमानांच्या तेलाहून वेगळे. ते २०२२ साली इंडियन ऑइलने बडोद्याच्या कारखान्यात तयार करीपर्यंत परदेशातून आणावे लागे. विमान स्वतः बांधू म्हणणाऱ्याची वाट किती लांब आहे, हे अमोल यादव या मराठी वैमानिकाने दाखविले. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधिले. २०१६ साली ते प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची अनुमती हाती पडावयास २०१९ उजाडले.

आणि समजा या साऱ्या गाठी सुटल्या, तरी माळाचे स्वतःचे म्हणणे आहेच. ज्या कडबनवाडीच्या शेतात ती मुलगी वाचली त्याच परिसरातील गवताळ रानात चिंकारा हरणे राहतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्यही त्यांच्याचसाठी राखलेले. शहरातील मनुष्यास जे ओसाड दिसते ते लांडग्याचे, माळढोकाच्या जुन्या आठवणीचे आणि धनगराच्या कळपाचे घर असते. विमानाच्या पंख्याच्या आवाजाने भिगवणचे रोहित उठले तर पाहावयास काय उरणार? गवताची एखादी पट्टी आखावयाचीच झाली तर ती बारामतीच्या धावपट्टीलगत असावी, विमान तेथेच दोरांनी जमिनीस बांधावे, आणि पुढे इंदापूरकडे जावयाचे ते यष्टीने किंवा बैलगाडीने. हुरड्याच्या शेतापर्यंत तर तसेही पायीच जावे लागते.

सध्या या आकाशात जी लहान विमाने दिसतात त्यांत बहुधा एक शिकणारा असतो व एक शिकविणारा. उजनीच्या कडेने वळून ती परत फिरतात. उतरल्यावर नोंदवहीत तारीख, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि तासमिनिटे लिहिली जातात, पंखांना दोर बांधले जातात, आणि मुले वसतिगृहात जेवावयास जातात.