सागरतळाचे नकाशे आणि कालवांची लुप्त वसाहत

उत्तर समुद्राच्या डच विभागात ‘ऑयस्टर ग्राउंड्स’, म्हणजे ‘कालवांची भूमी’, या नावाचा एक विस्तीर्ण प्रदेश नकाशावर दाखवलेला असतो. आज तेथील तळ मुख्यतः चिखल व बारीक वाळू यांचा असून मूळच्या युरोपीय कालवांची वस्ती तेथे उरलेली नाही. वस्तू नष्ट झाल्यावरही तिचे नाव मागे राहते, ही गोष्ट स्थलनामांच्या अभ्यासकास नवी नाही. परंतु अशा नावास पुरावा म्हणून किती मोल द्यावे, हा प्रश्न आता केवळ भाषाशास्त्राचा राहिलेला नाही. उद्ध्वस्त सागरतळ पुन्हा वसवू पाहणाऱ्यांनाही तो सोडवावा लागत आहे.

प्रथम या प्राण्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. युरोपीय चपट्या कालवाची पिले काही दिवस पाण्यात तरंगतात व नंतर कठीण पृष्ठभागास कायमची चिकटतात. त्यांतही पूर्वजांच्या शिंपल्यांवर बसणे त्यांना विशेष मानवते. म्हणजे कालव आपली भूमी आपणच रचते. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी कालवांबरोबर ही भूमीही उचलून नेली, आणि मागे राहिलेल्या चिखलात पुढच्या पिढीस बसावयास जागा उरली नाही. म्हणून पुनर्वसनाच्या कार्यात ‘कोठे’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो.

सागरतळाची जुनी नोंद नाविकांची आहे. शिशाच्या ओळंब्याच्या बुडास चरबी लावून तो पाण्यात सोडीत. खोली दोरीवरून कळे आणि तळाचा नमुना चरबीस चिकटून वर येई. वाळू, चिखल, शिंपले यांसाठी नौकानयनाच्या नकाशांवर संक्षिप्त अक्षरे छापली जात. त्यांत कालवांसाठीही खूण होती. नाविकाचा हेतू जहाज सुखरूप नेण्याचा. तथापि त्याच्या हातून नकळत जीवसृष्टीचीही नोंद झाली.

शास्त्रीय शोधाचा आरंभ कील विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मेबियुस (१८२५–१९०८) यांच्यापासून मानावयास हरकत नाही. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या किनाऱ्यावर कालवांची शेती करता येईल काय, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या शासनाने त्यांच्याकडे सोपवले होते. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, कालवांचा थर म्हणजे केवळ कालवांचा ढीग नव्हे. तेथे अनेक जीव परस्परांशी बद्ध होऊन राहतात. या कल्पनेसाठी शास्त्राजवळ शब्द नव्हता. मेबियुस यांनी ‘जीवन’ व ‘समाईक’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘बायोसेनोझ’ ही संज्ञा घडवली. तिला आपण ‘जीवसमुदाय’ म्हणू. पुढे परिस्थितिविज्ञानात रुजलेली ही संज्ञा कालवांच्या ऱ्हासाच्या चिंतेतून जन्मली, हे विसरता कामा नये.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८३ साली, ग्रिम्सबी येथील ओ. टी. ओल्सेन यांचा मत्स्यविषयक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर समुद्राच्या मध्यभागी कालवांचा मोठा पट्टा रंगवलेला आहे. परंतु हा नकाशा म्हणजे मोजणी नव्हे. तेथे कालवे होती एवढे तो सांगतो; ती किती दाट होती, हे सांगत नाही.

खरी अडचण शब्दांची आहे. जुन्या कागदपत्रांत ‘बँक’, ‘बेड’, ‘रीफ’ हे शब्द सैलपणे येतात. स्कॉटलंडच्या फोर्थ खाडीत तर कालवांच्या थरास ‘स्काल्प’ म्हणत. लेखकाच्या मनात उंच रचलेला थर होता की विखुरलेली कालवे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. शब्दाचा अर्थही स्थिर राहत नाही. १९६४ साली नेदरलंड्समध्ये पॅसिफिक कालव आणले गेले व पुढे ते वाडन समुद्रात पसरले. तेव्हापासूनच्या नोंदीतील ‘कालव’ कोणते, हे पारखून घ्यावे लागते. शब्द तोच, प्राणी निराळा.

अशा कागदपत्रांची छाननी करून रूथ थर्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली युरोपातील कालव-थरांचा ऐतिहासिक नकाशा सादर केला. सुमारे साडेतीनशे वर्षांच्या नोंदींवरून पूर्वीचा विस्तार १७ लाख हेक्टरांहून अधिक असल्याचे त्यांनी दाखवले. ईशान्य अटलांटिकच्या रक्षणाविषयीच्या ऑस्पार करारात दर चौरस मीटरास पाच किंवा अधिक कालवे असल्यास त्यास थर मानले आहे. आज ती बहुतेक ठिकाणी विरळ व एकेकटीच आढळतात. केवळ आजचा तळ मोजणारा ‘येथे चिखल आहे’ असे लिहील आणि तीच त्या जागेची प्रकृती समजेल. जीर्ण कागद सांगतो की ही प्रकृती नव्हे, विकृती आहे.

तथापि इतिहासाने दाखवलेली जागा आजही योग्य असेलच असे नाही. ध्वनितरंगांनी तळाचे चित्र घेणे, प्रवाह व गाळ मोजणे, कॅमेरा सोडून खात्री करणे ही कामे टळत नाहीत. २०२० साली जर्मनीच्या बोर्कुम रीफ ग्राउंड येथे प्रायोगिक कालव-थर रचण्यात आला, आणि फोर्थच्या खाडीतही कालवे पुन्हा सोडण्यात आली. अशा ठिकाणी कालवे जगली किती, नवी पिले बसली काय आणि सोबतचे जीव परतले काय, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागते. यांतील शेवटचा प्रश्न मेबियुस यांचाच आहे.

आपल्याकडेही विजयदुर्गाच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘आंग्रिया बँक’ ही प्रवाळांनी व्यापलेली बुडीत उंचवट्याची भूमी आहे. कोकणच्या कोळ्यांच्या तोंडी समुद्रातील ठिकाणांची अशी कितीतरी नावे असतात. ती संकलित करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. उद्याच्या नकाशाकारास त्यांचाच आधार शोधावा लागेल.