एकसष्टचा प्रश्न आणि पाटणचा मठ

चाळीसगावात गणित शिकवताना हुशार मुलांना मी एक प्रश्न हमखास घालतो. अशी संख्या सांगा, जिच्या वर्गाला ६० ने गुणून १ मिळवला की पूर्ण वर्ग येईल. मुलं लगेच ४ सांगतात: ६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८. मग मी ६१ देतो आणि वर्ग गप्प होतो. कारण ६१ साठी सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. एकेक संख्या तपासत बसणाऱ्याच्या हाती हे लागणं अशक्यच.

हे उत्तर भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात दिलं. ब्रह्मगुप्ताची भावना (दोन उत्तरं जोडून नवं उत्तर काढण्याचा नियम) आणि आधीच्यांकडून आलेली चक्रवाळ ही रीत त्यांच्या हाताशी होती. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ जास्त. हा ३ झाला क्षेप. आता ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जाईल आणि वर्ग ६१ च्या जवळ असेल असा अंक शोधायचा: ७. एका फेरीत ३९ आणि ५ हाती येतात: १५२१ हे ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून, १५२५ हून, फक्त ४ ने कमी. क्षेप उणे ४ वर आला की पुढची वाट ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच दाखवून ठेवली होती. तिने २९,७१८ आणि ३,८०५ मिळतात, क्षेप उणे १. त्यांची त्यांच्याशीच भावना केली की संपलं. एवढी अवाढव्य संख्या, पण सारी आकडेमोड पाटीवर मावते! मला खरं कौतुक याचं वाटतं. १६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितींना हाच ६१ आव्हान म्हणून घातला. असं उत्तर कोणत्याही अवर्ग संख्येला असतंच, हे पुढे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केलं.

पण नुसती पोथी लिहून विद्या टिकत नाही, तिला पोसावं लागतं. आमच्या चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाडांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं त्यात आहे. लेख इ.स. १२०७ चा. वरचा भाग संस्कृत, पण शेवटी देणग्यांची यादी आली की भाषा मराठी होते. बाजारात माल घेणाऱ्याकडून पाच पोफळी, चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. राजाच्या दानाइतकीच मला ही तेलाची पळी मोठी वाटते. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारपेठेने उचलला, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

शिक्षकांनो, पाटणच्या पाटणादेवीची सहल काढाल तेव्हा मुलांना ६१ चं गणित आधी करायला लावा आणि मगच तिथे न्या.