न उरलेल्या कपड्यांचा इतिहास

जुने घर रिकामे करायची वेळ येते तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून क्रोशाचे रुमाल हमखास निघतात. रेडिओवर घालायचा, ताटावर झाकायचा, खुर्चीच्या पाठीला लावायचा. शिवाय रुखवतातले तोरण आणि मण्यांची किनार असलेले तांब्यावरचे झाकण. घरी शिवलेले झबले, लेंगा, परकर किंवा पोलके मात्र सहसा निघत नाही. निघालेच तर ते बारशाचे किंवा मुंजीचे असते, म्हणजे एक-दोनदाच अंगाला लागलेले. महाराष्ट्रातल्या घरगुती शिवण-विणकामाचा इतिहास शोधणाऱ्याची पहिली अडचण हीच: शोभेचे टिकले, गरजेचे झिजले. टिकलेल्या वस्तूंवरून निष्कर्ष काढायची आपल्याला सवय, त्यामुळे 'बायकांचा दुपारचा विरंगुळा' एवढ्यावर हा सगळा विषय आटोपला.

मी शिंप्याच्या घरातला. वडिलांचे बार्शीला दुकान होते. माप घेणे, बेतणे आणि मशीन ही पुरुषांची कामे; काज, बटण, तुरपाई यांचे गाठोडे घरात यायचे. आई आणि आत्या रात्री दिव्याखाली ती संपवत. गिऱ्हाईक सदरा घेऊन जाताना वडिलांच्या हाताचे कौतुक करी. दुकानाच्या वहीत कापड, अस्तर, बटणे, दोरा सगळ्याचा हिशेब असे, तुरपाईचा नसे. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही, पण त्या वहीतल्या रिकाम्या रकान्याने मला या विषयाकडे ढकलले हे खरे.

क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ लहान आकडी. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी मुलींच्या शाळांतून जी सुईकामे शिकवली त्यांत हेही होते. मराठी बायकांनी आकडीबरोबर परका शब्द घेतला, पण टाक्यांना नावे आपली ठेवली. साखळी, खांब, आणि त्यातला सर्वांत बुटका तो मुका खांब. हे नाव कोणी ठेवले असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे. ज्या कामाला वहीत जागा नव्हती, त्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा टाका मुका असावा, हा योगायोग मला सोडवत नाही.

विरंगुळ्याच्या या समजाला आंध्रातल्या नरसापूरचा दाखला पुरेसा आहे. तिथेही लेस विणण्याची कला मिशनऱ्यांनीच नेली. मारिया मिस या जर्मन अभ्यासक बाईंनी 1982 साली या विणकरणींवर पुस्तक लिहिले. बायका दिवसाचे कित्येक तास घरात बसून लेस विणत, माल परदेशी जाई, व्यापारी गबर होत. विणणाऱ्या बाईला मात्र 'गृहिणी' म्हटले जाई, आणि ती फावल्या वेळात विणते असे धरल्यामुळे मजुरी नावापुरती दिली तरी चाले. 'फावला वेळ' हा शब्द इथे केवळ चुकीचा नव्हता, तो कुणाच्या तरी फायद्याचा होता.

शिवणाची गोष्ट यंत्रापाशी वळण घेते. सिंगरचे पेटंट 1851 चे. हप्त्यांवर यंत्र विकण्याची पद्धत या कंपनीने 1850 च्या दशकातच सुरू केली, आणि तिनेच पुढे यंत्र जगभरच्या घरांत शिरवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार मुंबईचे एक पारशी गृहस्थ, नसरवानजी मेरवानजी पटेल, बघत होते. सुरुवातीला मोठे गिऱ्हाईक अर्थातच शिंपी. घरात यंत्र आले ते बहुधा हौसेने नव्हे. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तिथे शिवणाचे वर्ग चालत. ज्यांना कोणाचा आधार नाही अशा बायकांना, त्यांत विधवा आल्याच, दोन पैसे मिळावेत हा त्यामागचा व्यवहारी हेतू होता. पुढे गावोगावी जे शिवणक्लास निघाले ते याच वाटेने. पहिले यंत्र येई ते स्वतःच्या मुलांचे कपडे वाचवायला, आणि वर्षभरात शेजारणींचे ब्लाऊज शिवून हप्ता फेडायला.

यंत्रांच्या विरोधात लिहिणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केला होता, हे अनेकांना माहीत असेल. 1924 सालच्या 'यंग इंडिया'तल्या संवादात त्यांनी कारणही दिले: बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते शोधले. गोष्ट गोड आहे, पण इतिहासाला धरून नाही. आयझॅक सिंगर हा फिरता नट होता. बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्यांचे यंत्र त्याने सुधारले, ते पैशांसाठी. त्याची एकाच वेळी एकाहून जास्त बिऱ्हाडे होती. तरी गांधीजींच्या चुकीच्या गोष्टीत एक बरोबर गोष्ट दडली आहे. हाताने शिवणे हे कष्ट आहेत, हे त्यांनी गृहीत धरले. विरंगुळा म्हणणाऱ्यांनी तेवढेही धरले नाही.

मग ते कपडे गेले कुठे? धड असतील तर बोहारणीकडे, आणि त्या बदल्यात पातेले आले. बाकीचे घरातच पायऱ्या उतरत गेले. लुगडे मध्ये विरले की काठाकडचा भाग परकराला, मऊ झालेला तुकडा बाळाच्या झबल्याला आणि दुपट्याला. 1943 साली कापडावर सरकारी नियंत्रण आले तेव्हा तर ही काटकसर सक्तीचीच झाली. कागदावर नमुना काढायची रीत घरात नव्हती. जुने झबले कापडावर पसरायचे, चार बोटे वाढवायची आणि कात्री चालवायची. या उतरंडीची शेवटून दुसरी पायरी गोधडी. शेवटची पोतेरे.

म्हणून गेली काही वर्षे मी गोधड्या वाचतो. वाचतो हाच शब्द बरोबर आहे. कडेचा धावदोरा सुटलेली गोधडी मिळाली तर आतले थर हळूच उचलून बघता येतात. हाताची टीप आणि मशीनची टीप ओळखता येते: मशीनची सरळ आणि एकसारखी, हाताची उलट्या बाजूने एकमेकींवर चढलेली. ज्या थरापासून मशीनची टीप दिसू लागते, त्या सुमारास घरात यंत्र आले असावे. यंत्र अजून असेल तर त्याच्या बैठकीवर क्रमांक असतो. एफ किंवा वाय या अक्षराने सुरू होणारा सिंगरचा क्रमांक बहुधा स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकच्या कारखान्याचा, आणि त्यावरून वर्षही लागते. भंगारवाल्याला यंत्र देण्यापूर्वी वाचकांनी तेवढा क्रमांक उतरून ठेवावा.

सोलापूरकडच्या एका गोधडीत मला निळ्या चिटाचा तुकडा मिळाला. मुलीच्या परकराच्या घेराचा. खालच्या बाजूला दोन आडवे पट्टे, बाकीच्या कापडापेक्षा गडद, आणि त्यांच्या कडांना उसवलेल्या टाक्यांची बारीक भोके. आईने शिवतानाच घेरात दोन दुमडी घातल्या होत्या. मुलगी वाढली तशी एक उसवली, मग दुसरी; आत राहिलेले कापड उन्हाला कमी लागले म्हणून गडद उरले. पट्टे मी मोजले: पहिला तीन बोटांचा, दुसरा दोन.